दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी हात बसवताना: खोक्यापासून थिएटरपर्यंत

सर्जरीला ॲडमिशन मिळाली, पहिले तीन महिने ड्रेसिंग, रक्ताच्या बाटल्या आणि रात्री-अपरात्रीचे कॉल यांत गेले, आणि एके दिवशी लॅप कोलीच्या (दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याच्या) केसला सरांनी हातात कॅमेरा दिला. दोन मिनिटांत पडद्यावरचं लिव्हर तिरकं झालं, मग लेन्स धुकटली, मग सर म्हणाले, "अरे, मला काय दाखवतोयस? पोटाची भिंत?" हा प्रसंग ज्याच्यावर आला नाही असा सर्जन मला अजून भेटलेला नाही. माझ्यावर तर आलाच, शिवाय तेव्हा सगळं थिएटर हसलं होतं, अगदी ट्रॉली ढकलणारे मामासुद्धा.

हा लेख त्या अवस्थेतल्या जेआर-वनसाठी, म्हणजे पहिल्या वर्षाच्या ज्युनियर रेसिडेंटसाठी आहे. हात बसवायची जागा थिएटरच्या बाहेर आहे, आणि तो बसला की नाही हे घड्याळ आणि चुका ठरवतात, "मी इतके तास प्रॅक्टिस केली" हे ठरवत नाही, एवढंच मला सांगायचं आहे. बाकीचा तपशील त्यासाठी काय जमवायचं, कुठल्या क्रमानं करायचं आणि कुठे थांबायचं याचा.

आधी अडचण ओळखा

ओपन शस्त्रक्रियेत चांगला हात चालणारी माणसंही दुर्बिणीत चाचपडतात, ते बावळट असतात म्हणून नाही. हत्यार पोटाच्या भिंतीतून एका भोकातून आत जातं आणि त्या भोकावर टेकून फिरतं. तुम्ही मूठ उजवीकडे नेली की टोक डावीकडे जातं, मूठ वर उचलली की टोक खाली जातं. होडी वल्हवलेल्यांना हे लगेच कळेल: दांडा एकीकडे ओढला की पातं दुसरीकडे जातं. त्यातही हत्यार किती आत आहे यावर टोकाची हालचाल ठरते. निम्मं आत आणि निम्मं बाहेर असेल तर मूठ जेवढी हलेल तेवढंच टोक हलतं. थोडंच आत असेल तर मूठ वीतभर फिरवावी लागते आणि टोक बोटभर सरकतं.

दुसरी गोष्ट खोलीची. पडदा सपाट, त्यामुळे कडी खिळ्याच्या पुढे आहे की मागे हे डोळा सांगत नाही. मेंदू ते हळूहळू सावल्यांवरून, वस्तूच्या लहान-मोठ्या दिसण्यावरून आणि टोक हळूच टेकवून पाहण्यातून शिकतो. तिसरी गोष्ट स्पर्शाची: बोटाला ऊती कळायची ती आता दांड्याच्या टोकाशी कळते, तीही अंधुक, कारण पोर्टमधलं, म्हणजे पोटाच्या भोकात बसवलेल्या नळीतलं रबर मध्ये घासत असतं.

या तिन्ही गोष्टी मेंदूला नव्यानं बसवाव्या लागतात, आणि त्यासाठी पुनरावृत्ती लागते. शेकडो वेळा. ती जिवंत माणसाच्या पोटात करणं बरोबर नाही, हे सांगायला नीतिशास्त्राचं पुस्तक लागत नाही. १९८५ साली जर्मनीतल्या ब्योब्लिंगन गावी एरिष म्यूहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. आपल्याकडे १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी सुरुवात केली. त्या काळात जगभर हे तंत्र इतक्या झपाट्यानं पसरलं की शिकण्याची सोय मागे राहिली, आणि पित्तनलिकेच्या इजा वाढल्या. जुनी शिकवण होती: एक पाहा, एक करा, एक शिकवा. दुर्बिणीच्या बाबतीत ती सरळ धोक्याची ठरली. गंमत म्हणजे दुर्बिणीतून पहिलं अपेंडिक्स काढणारे कीलचे स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी शिकणाऱ्यांसाठी सरावाचं खोकंही तयार केलं होतं. म्हणजे खोकं या शास्त्राच्या जन्मापासून सोबत आहे. आपणच ते कपाटात ठेवलं.

खोकं बनवा

कॉलेजात स्किल लॅब असेल तर उत्तम, तिथे जा. पण तुमची ड्यूटी रात्री अकराला संपते आणि लॅबला पाचला कुलूप लागतं. म्हणून हॉस्टेलच्या खोलीत स्वतःचं खोकं हवंच. तयार बॉक्स ट्रेनर विकत मिळतात. मी पहिला घरीच केला होता आणि त्याच्यावर जेवढा शिकलो तेवढा पुढे कशावरच शिकलो नाही.

कपडे ठेवायचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, साधारण ४० सेमी लांब, ३० रुंद, २० उंच. पारदर्शक नको, धुरकट किंवा रंगीत घ्या. पारदर्शक घेतला तर नजर पडद्यावरून सुटून थेट आत जाते आणि सगळा सराव फुकट. डबा पालथा घाला. तळाची बाजू आता वर आली, ते तुमचं पोट. त्यात दोन भोकं पाडा, एकमेकांपासून १५ सेमीवर. तापवलेला स्क्रूड्रायव्हर पुरतो, पण खिडकी उघडी ठेवा. भोकांवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवून मध्ये फुलीसारखा छेद द्या, म्हणजे हत्यार टेकायला पोर्टसारखी जागा मिळते.

१५ सेमीच का? साधं ५ मिमीचं हत्यार ३३ सेमीच्या आसपास लांब असतं. निम्मं आत गेलं की साधारण १५-१६ सेमी. काम दोन्ही भोकांपासून तेवढ्याच अंतरावर ठेवलं की समभुज त्रिकोण होतो आणि दोन्ही टोकं एकमेकांना ६० अंशांत भेटतात. गाठ मारायला हाच कोन सोयीचा. पुढे थिएटरमध्ये पोर्ट कुठे घालायचे याची चर्चा चालली की हा त्रिकोण आठवेल.

कॅमेऱ्यासाठी तारेनं जोडायचा वेबकॅम आणि लॅपटॉप. मोबाइल चालतो, पण त्याचं चित्र वायफायवरून पडद्यावर पाठवलं तर ते किंचित उशिरा येतं, आणि तेवढ्या उशिरानं हात पार गोंधळतात. ऑटोफोकस बंद करा, नाहीतर हत्यार हललं की चित्र श्वास घेतल्यासारखं आत-बाहेर होत राहतं. दिव्यासाठी एलईडीची पट्टी आतून एकाच बाजूला चिकटवा. चारही बाजूंनी उजेड केला की सावल्या जातात, आणि खोली ओळखायला तुम्हाला सावलीच हवी आहे.

हत्यारं ओटीच्या सिस्टरांकडे मागा. जबडा ढिला झालेले ग्रास्पर (पकडायचे चिमटे), बोथट कात्री, बाद केलेला मेरिलॅण्ड (वाकड्या टोकाचा चिमटा), जुना नीडल होल्डर अशा वस्तू प्रत्येक थिएटरच्या कपाटात पडून असतात. नीट विचारून, इनचार्जच्या परवानगीनं आणि ऑटोक्लेव्ह करूनच न्या. मुदत संपलेलं टाक्यांच्या धाग्याचं पाकीटही मिळतं. या देवघेवीत सिस्टरांशी तुमचे संबंध सुधारतात, आणि रेसिडेंटच्या आयुष्यात त्याच्याइतकं मोल कशालाच नाही.

एकदा खोक्यात गेलेलं हत्यार पुन्हा रुग्णासाठी वापरायचं नाही. त्यावर लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेवा. आणि सुया मोजून काढा, मोजून ठेवा. माझ्या रूममेटच्या पायात एकदा २-० सिल्कची सुई घुसली. त्यानंतर महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही, आणि ते बरोबरच होतं.

उभं राहणं

बहुतेक जण इथे चुकतात आणि दहा वर्षांनी मानेच्या पट्ट्यासह ओपीडीत बसतात. खोकं अभ्यासाच्या टेबलावर ठेवाल तर हत्यारांच्या मुठी छातीपर्यंत येतील. खुर्चीवर किंवा बुटक्या स्टुलावर ठेवा. मुठी कोपराच्या पातळीला किंवा जरा खाली हव्यात. खांदे खाली, कोपर अंगाजवळ. पडदा सरळ समोर, डोळ्यांच्या किंचित खाली. खांदे वर चढलेले जाणवले की थांबा, हत्यारं बाहेर काढा, पुन्हा सुरू करा. आणि उभ्यानंच करा, बसून नाही.

डावा हात

आता मुख्य काम. अमेरिकेत सेजेस या सर्जनांच्या संस्थेनं २००४ साली फंडामेंटल्स ऑफ लॅपरोस्कोपिक सर्जरी, म्हणजे एफएलएस नावाचा कार्यक्रम आणला. त्यातले हातकामाचे पाच प्रकार मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेराल्ड फ्रीड यांच्या गटानं बसवलेल्या पद्धतीवर उभे आहेत. तुम्हाला ती परीक्षा द्यायची नसली तरी ते पाच प्रकार जसेच्या तसे उचला. पिढ्यान्‌ पिढ्या घासून गुळगुळीत झालेल्या कवायती आहेत त्या.

पहिला प्रकार कड्यांचा. लाकडी फळीवर डावीकडे सहा आणि उजवीकडे सहा खिळे ठोका. सहा रबरी कड्या डावीकडच्या खिळ्यांवर. डाव्या हातातल्या ग्रास्परनं कडी उचलायची, हवेतच उजव्या हातात द्यायची, उजव्यानं उजवीकडच्या खिळ्यात घालायची. सहा झाल्या की उलट: उजव्यानं उचलून डाव्याकडे, डाव्यानं घालायच्या.

ऐकायला पोरखेळ वाटतो. पहिल्या दिवशी मला साडेचार मिनिटं लागली आणि दोन कड्या फळीबाहेर पडल्या. खुर्ची ओढून मी व्हिडिओ पुन्हा पाहिला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. उजवा हात कडी पकडायला येत होता तेव्हा डावा हात स्वस्थ नव्हता. तोही उजव्याकडे सरकत होता, मदत केल्यासारखा. दोन्ही टोकं हवेत एकमेकांना शोधत होती, आंधळी कोशिंबीर. दुसऱ्या दिवशी ठरवलं: डाव्यानं कडी उचलून पडद्याच्या मध्यावर आणायची आणि दगडासारखं थांबायचं, शोधायचं काम उजव्यानंच करायचं. तेवढ्या एका बदलानं मिनिटभर वाचलं.

दुसरी खूण: कडी सोडण्याआधी उजव्यानं ती पकडल्याची खात्री करा. हलकं ओढून पाहा, डाव्या हाताला तो ओढा जाणवतो. मग सोडा. पुढे आतड्याचा लूप एका हातातून दुसऱ्या हातात देताना हेच करायचं असतं.

लक्ष्य किती? टेक्सासमध्ये तज्ज्ञांच्या वेळा मोजून ठरवलेलं प्रमाण या प्रकाराला ४८ सेकंद आहे, एकही कडी नजरेबाहेर न पडता. तेही एकदा जमून भागत नाही. सलग दोनदा, आणि वर आणखी दहा वेळा. हे आकडे भिंतीवर चिकटवा. तुमच्या घरगुती फळीवर दहा सेकंद इकडे-तिकडे होतील, हरकत नाही. पण दोन मिनिटांवर समाधान मानू नका.

डाव्या हातासाठी एक जादा कवायत, माझी स्वतःची: एका वाटीतले कोरडे हरभरे दुसऱ्या वाटीत, फक्त डाव्यानं. दहा. मग साबुदाणा. साबुदाण्यात पकड जास्त झाली की दाणा उडतो, म्हणजे जोर किती लावायचा हेही शिकता. चाळिशी ओलांडलेल्या एका सहकाऱ्याला मी हे सुचवलं तेव्हा तो म्हणाला, "उपवास सोडायच्या दिवशी नको सांगूस." पण त्यानं केलं.

जाळी आणि फास

दुसरा प्रकार कापण्याचा. १० सेमी चौकोनी गॉजवर गोल काढा, क्लिपांनी ताणून बसवा आणि रेषेवरून कापा. प्रमाण ९८ सेकंद, रेषेपासून २ मिमीच्या आत. सगळे कात्रीकडे पाहतात, पण इथेही खरं काम डाव्याचं: गॉज ताणून धरणं आणि कात्री पुढे सरकेल तसा तो ताण बदलत राहणं. गॉज सैल पडला की कात्री चावते, कापत नाही.

तिसरा एंडोलूपचा: तयार फास फोमच्या शेपटीला खुणेवर बसवून आवळायचा. प्रमाण ५३ सेकंद, खुणेपासून १ मिमीच्या आत. क्रम लक्षात ठेवा, आधी ग्रास्पर फासातून पलीकडे, मग शेपटीची पकड. उलट केलं की फास घालायला जागाच राहत नाही. अपेंडिक्सच्या बुंध्याशी हे उपयोगी पडतं. चौथा प्रकार बाहेर गाठ मारून नॉट पुशरनं आत ढकलण्याचा, ९० सेमीचा धागा, १३६ सेकंद. या तिन्हींत अडकून राहू नका, आठवडा-दोन आठवड्यांत होतात.

आतली गाठ

इथे मात्र महिना द्या. दुर्बिणीत माणूस खरा कळतो तो इथे.

ग्लोव्हचं एक बोट कापून गुंडाळा, फोमवर पिनांनी बसवा, मध्ये लांबट छेद द्या आणि दोन्ही कडांवर एकेक ठिपका काढा. २-० सिल्क, १५ सेमी. याहून लांब धागा घेतलात तर गुंतवळा, आखूड घेतलात तर गाठ संपण्याआधी धागा संपतो.

सुई आत नेताना सुईला धरू नका. सुईच्या मागे दोनेक सेमीवर धागा धरा आणि सुई लोंबकळत न्या. आत गेल्यावर डाव्यानं तसाच धागा धरून सुईचं टोक खालच्या ऊतीवर हलकेच टेकवा. आता धागा किंचित ओढला-ढकलला की सुई स्वतःभोवती गिरकी घेते. तिची कमान तुम्हाला हवी तशी दिसली की उजव्यानं नीडल होल्डरनं पकडा, धाग्याच्या बाजूनं साधारण एक तृतीयांशावर, दांड्याशी काटकोनात. नवखे लोक सुई जबड्यात धरून तिला जबड्यातच वळवायला जातात, मग ती आडवी पडते, परत धरतात, परत पडते. पाच मिनिटं यातच जातात. गिरकीची कवायत सुटी करा, टाका न घालता, वीस वेळा.

सुई ठिपक्यावर काटकोनात रोवा आणि मनगट फिरवा. ढकलू नका. सुई वाकडी आहे, तिची वाटही वाकडीच. ढकललीत की ऊती फाटते.

आता गाठ. धागा ओढून शेपटी २ सेमीच उरेल एवढी ठेवा, आणि ती दिसत राहील अशी पडू द्या. लांब टोक उजव्या हातात धरून त्याचा इंग्रजी सी अक्षरासारखा अर्धगोल ऊतीवर आडवा ठेवा. डावं हत्यार त्या अर्धगोलावर आणून स्थिर करा. उजव्यानं धागा त्याभोवती दोनदा गुंडाळा. गुंडाळणारा उजवा, डावा फक्त खुंटी. मग दोन्ही टोकं जोडीनं शेपटीकडे जाऊ द्या, डाव्यानं शेपटी पकडावी, आणि दोन्ही हात विरुद्ध दिशांना, ऊतीच्या पातळीत ओढा. वर ओढू नका, वर ओढलं की ऊती उचलली जाते आणि गाठ सैल बसते. दुसरा फेरा एकेरी, हात बदलून, अर्धगोल उलटा. तिसरा पुन्हा हात बदलून. झालं.

वेढे टोकावरून निसटतात ही सगळ्यांची तक्रार. कारण बहुधा एकच: शेपटी दूर पडली आहे, आणि तिथवर पोचेपर्यंत वेढे घरंगळतात. शेपटी आखूड ठेवा, जवळ ठेवा, वेढे घेण्याआधी डाव्या हत्याराचं टोक शेपटीच्या शेजारीच असू द्या.

११२ सेकंद. गाठ सुटली तर शून्य, वेळ कितीही चांगली असो.

किती, केव्हा

रविवारी चार तास बसून भागत नाही. टोरंटोत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३८ ज्युनियर रेसिडेंटना रक्तवाहिन्या जोडण्याचं काम शिकवलं. निम्म्यांना चार सत्रं एकाच दिवशी, निम्म्यांना आठवड्याला एक. महिन्यानं पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा आठवड्यांवर विभागून शिकलेले पुढे होते. म्हणून रोज वीस मिनिटं, आठवड्यात पाच दिवस. चोवीस तासांच्या ड्यूटीनंतर नको, तेव्हा हात चुकीच्याच सवयी लावून घेतो. वही करा: तारीख, प्रकार, सेकंद, चुका. सरासरी काढत बसू नका, नुसती वही पाहिली तरी कळतं. दर शनिवारी एक प्रयत्न रेकॉर्ड करून सीनियरला पाठवा. सीनियर बघत नसेल तर बॅचमेटला. दुसऱ्याच्या नजरेशिवाय चुकीचा हात पक्का होतो.

कॅमेरा वेगळा शिकावा लागतो

पहिलं वर्षभर तुमच्या वाट्याला कॅमेराच येणार, तेव्हा त्याला दुय्यम समजू नका. वेबकॅमवर हे शिकता येत नाही. लॅबमध्ये खरी ३० अंशांची टेलिस्कोप मागा. औषधाचे लहान कप वेगवेगळ्या दिशांना तिरके चिकटवा, प्रत्येकाच्या तळाशी आकडा लिहा, आणि क्रमानं वाचा. लक्षात ठेवायचं एवढंच की लेन्स लाइट केबलच्या विरुद्ध बाजूला पाहते. केबल वर तर नजर खाली. कॅमेऱ्याचं डोकं सरळ राहतं, क्षितिज तेच राखतं, फिरते ती केबल. डोकं फिरवलं की लिव्हर उभं राहतं आणि सर ओरडतात.

लेन्स गरम सलाइनमध्ये बुडवून, कोरड्या गॉजनं पुसून घ्या, आणि आत शिरताना पोर्टच्या कडांना लावू नका. निम्मं धुकं थंड लेन्समुळे येतं.

मटणाच्या दुकानात

रबरावर हात बसला की ऊतीकडे वळा. चिकन लेगची कातडी सोडवणं, कातडीला टाके घालणं हे खोक्यात छान होतं. त्याआधी द्राक्ष सोला, गर न फोडता. पण सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे बोकडाची कलेजी, पित्ताशयासकट. खाटीक पित्त आधीच काढून टाकतो, कारण फुटलं तर कलेजी कडू होते. म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवा, "पित्त तसंच राहू द्या." आमच्या भागातल्या दुकानदारानं पहिल्यांदा मला वेड्यात काढलं, नंतर मात्र तो कौतुकानं विचारायचा, "डॉक्टर, काल किती फुटले?"

आणि फुटतातच. पहिली चार-पाच फुटतात, हिरवं पाणी खोकंभर होतं. पित्ताशय लिव्हरपासून सोडवताना कुठल्या पापुद्र्यात राहायचं हे तेव्हाच कळतं. कॉटरी (विजेनं जाळत कापायचं हत्यार) वापरायची असेल तर लॅबमध्येच, देखरेखीखाली, कलेजीखाली प्लेट ठेवून आणि धूर ओढायची सोय करून. हॉस्टेलच्या खोलीत अजिबात नाही. उरलेलं मांस कोरड्या कचऱ्यात टाकू नका, आणि सरावाची कलेजी कुणी खाऊ नये हे मेसवाल्या मावशींना स्पष्ट सांगा. हसू नका, असं होता होता राहिलं आहे.

महागडं यंत्र

लॅपसिम, लॅप मेंटर अशी संगणकी सिम्युलेटर मोठ्या संस्थांत असतात. त्यांचा उपयोग आहे, हे येलमध्ये झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगानं दाखवलं. १६ रेसिडेंटपैकी निम्म्यांना एमआयएसटी-व्हीआर या यंत्रावर तज्ज्ञांनी घालून दिलेल्या पातळीपर्यंत शिकवलं, मग सगळ्यांनी खऱ्या रुग्णाचं पित्ताशय लिव्हरपासून सोडवलं. यंत्रावर शिकलेल्यांचं काम २९ टक्के लवकर झालं आणि इतरांच्या चुका सरासरी सहापट होत्या. ते यंत्र आजच्या मानानं अगदी साधं होतं, पडद्यावर भौमितिक आकृत्या. पण तिथे तास मोजले नव्हते, पातळी गाठेपर्यंत सोडलं नव्हतं. प्रयोगाचा जीव त्यात आहे असं मला वाटतं.

मी काम केलेल्या एका कॉलेजात असं यंत्र होतं. त्याच्यावर कापडी कव्हर, कव्हरवर धूळ, आणि किल्ली एका कारकुनाकडे, जो दुपारी जेवायला गेला की तीनला येई. तपासणी आली की कव्हर निघायचं. त्याच वर्षी आमच्या तीन रेसिडेंटनी पलंगाखालच्या डब्यांवर गाठ शिकली. तेव्हा यंत्र मिळालं तर जरूर वापरा, त्यावर हत्याराच्या टोकानं किती प्रवास केला याचं मोजमाप मिळतं, ते खोक्यात मिळत नाही. नाही मिळालं तर रडू नका.

हातापलीकडचं

हात चांगला असलेला माणूस पित्तनलिका कापतो तेव्हा तो बहुतेक वेळा घसरलेला नसतो, त्यानं चुकीच्या नळीला सिस्टिक डक्ट, म्हणजे पित्ताशयाची नळी समजलेलं असतं. याचा सराव खोक्यात होत नाही, व्हिडिओवर होतो. सर्जन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेला क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी, म्हणजे क्लिप लावण्याआधी दिसायलाच हवं असं दृश्य, पाठ करा: पित्ताशयाच्या नळीजवळच्या त्रिकोणातली चरबी आणि तंतू साफ, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग लिव्हरपासून सुटा, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोनच रचना दिसतात, तीन नाहीत. आता लॅप कोलीचे व्हिडिओ लावा, क्लिप येण्याआधी थांबवा, आणि मोठ्यानं सांगा: तिन्ही आहेत का? नसतील तर तुम्ही पुढे काय केलं असतं? दोघा-तिघांनी मिळून केलं तर भांडणं होतात. होऊ द्या.

आणखी एक नाटक महिन्यातून एकदा रिकाम्या थिएटरमध्ये करा, सिस्टर आणि ॲनेस्थेशियाच्या रेसिडेंटला घेऊन. एकानं ओरडायचं, "चित्र गेलं!" बाकीच्यांनी क्रमानं शोधायचं: लाइट केबल, कॅमेऱ्याची केबल, लेन्स, व्हाइट बॅलन्स. "प्रेशर वाढलं!" म्हटलं की नळी दुमडली आहे का, पोर्टचा कॉक बंद आहे का, रुग्णाची भूल उतरते आहे का, हे पाहायचं. "रक्त!" म्हटलं की पहिली कृती गॉजनं दाबणं. तांबड्या डबक्यात डोळे मिटून क्लिप मारणं ही कृती नाही. पाच मिनिटांचं नाटक आहे, पण खऱ्या वेळी तोंडातून पहिला शब्द कुठला निघतो ते यातच ठरतं.

थिएटरमध्ये

कड्या आणि गाठ प्रमाणात आल्या की वही घेऊन सरांकडे जा. तोंडी "सर, मला करू द्या" म्हणण्यापेक्षा वही जास्त बोलते. पूर्ण केस मागू नका, एक तुकडा मागा: पित्ताशय लिव्हरपासून सोडवण्याचा शेवटचा भाग, किंवा पोर्ट बंद करणं. ॲमासी किंवा आयेजेस या दुर्बिणीच्या सर्जनांच्या भारतीय संस्थांचा फेलोशिप कोर्स (ॲमासीचा एफएमएएस) करायचा असेल तर तोही या टप्प्यावर करा. आधी जाल तर तिथला निम्मा वेळ कड्या उचलण्यात जाईल, आणि पैसे तुमच्या स्टायपेंडमधून गेलेले असतील.

तुमच्या भागाचा व्हिडिओ रुग्णाची ओळख कुठे येणार नाही अशा रीतीनं, परवानगीनं घ्या. त्याच आठवड्यात सरांना पाच गोष्टींवर गुण द्यायला सांगा, प्रत्येकी पाचपैकी: खोलीचा अंदाज, दोन्ही हातांचा मेळ, काटकसरीची हालचाल, ऊतीशी वागणूक, स्वतंत्रपणे काम. मॅकगिलचीच ही गोल्स नावाची पट्टी आहे, एकूण २५. मला पहिल्या वेळी १३ मिळाले. दोन्ही हातांच्या मेळाला दोन, आणि सरांनी समोर पेन्सिलीनं लिहिलं होतं: "डावा झोपतो."

त्या रात्री पलंगाखालून डबा ओढला आणि हरभऱ्याची वाटी शोधली. रूममेटनं भाजून खाल्ले होते.